नातालीनच्या डोळ्यातलं मीठ

पाचूबंदरच्या धक्क्यावर एका होडीला एकच तोंड असतं. पुरुष मासळी आणतात, टोपल्या रेतीवर उतरवतात आणि बिडी पेटवून बाजूला होतात. मग त्या घरातली एक बाई पुढे येते, टोपलीवरून नजर फिरवते आणि पहिला भाव बोलते. हा भाव एकदा तोंडातून सुटला की मागे घेता येत नाही. चढा बोलली तर घेणाऱ्या बाया पाठ फिरवतात, उतरता बोलली तर घरची माणसं. म्हणून ही जागा नुसत्या लग्नानं मिळत नाही की वयानं मिळत नाही. ती नजरेनं मिळते आणि नजर आहे तोवर राहते.

'रोझरी' होडीचं तोंड नातालीन होती. अंगानं आडवी, आवाजानं त्याहून आडवी. टोपलीला ती कधी हात लावत नसे. कमरेवर मूठ ठेवून उभी राही, मान जराशी वाकडी करी, आणि कुठलं पापलेट उद्या सकाळपर्यंत तग धरेल, कुठलं दुपारीच मान टाकेल, कुठल्या सुरमईच्या पोटात गाभोळी आहे, हे सगळं तिला उभ्या जागी कळे. समोरच्या बाईचा जीव कुठल्या मासळीत अडकलाय तेही कळे. मग ती भाव बोलायची, आणि त्या भावाला आजवर कुणी हसलं नव्हतं.

होडी दोन भावांची. थोरला फर्डिनंड, म्हणजे नातालीनचा नवरा, आणि धाकटा पीटर. या पीटरनं ऐन तारुण्यात सांडोरच्या चर्चच्या सणाला, फेस्ताला, एक मुलगी पाहिली आणि घरी येऊन जेवणच सोडलं. ती मार्गारेट. सांडोर म्हणजे केळी आणि भाजीचे मळे. तिथल्या बाईनं समुद्र बघायचा तो लांबून. ती कोळ्याच्या घरात आली तेव्हा नातालीननं अख्ख्या वाड्यादेखत विचारलं होतं, "का गो, बोंबलाला देठ कुठं असतो तेवढं तरी ठावं हाय का तुना?"

मार्गारेट हसली होती. तिचं ते हसणंच नातालीनला पहिल्या दिवसापासून खुपलं. आपण टोमणा मारावा आणि समोरचीनं तो लाडवासारखा खाऊन टाकावा, अशा बाईचं करायचं काय?

लाडू तर ती खरोखरीचेही खायची. चहात साखर एवढी की चमचा उभा राहावा. नाताळातल्या करंजीसारख्या नेवऱ्या ताटभर. शिवाय केस दाट, दात शाबूत, कंबर अजून बांध्यात. आणि मधुमेह निघाला तो कुणाला? नातालीनला.

"गोड ती खाते न साखर माझ्या रक्तात," तिनं एकदा फादरना अडवून सांगितलं. "ही कुठली वाटनी?"

"नातालीनबाय, मत्सर हे पाप आहे," फादर म्हणाले.

"असंल. पन मंग मी पाप करून झुरते न ती पुन्य करून जाडी होत नाय, हे कसं?"

फादरना मिस्साची घाई होती.

पुढे दोघींच्याही डोळ्यांत मोतीबिंदू आला. मार्गारेटच्या एकाच डोळ्यात, दुसऱ्यावर तिचं भागत होतं. नातालीनच्या दोन्ही. असल्या बाबतीत देव तिला भरभरून देई. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा होता. हंगाम सरत आला होता, होड्या वर ओढायला थोडे दिवस उरले होते. 'रोझरी'ची टोपली रेतीवर आली, नातालीननं मान वाकडी केली आणि रावसाचा भाव बोलली. समोरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. जूचंद्रहून रोज टोपली घेऊन येणारी यमुना, जी इतकी वर्षं नातालीनचा शब्द खाली पडू देत नव्हती, तिनं तोंडाला पदर लावला.

मागून मार्गारेट हळूच म्हणाली, "बाय, दाढा हाय तो."

दाढा आणि रावस दिसायला जवळजवळचे, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक. कोळ्याचं पोर पाळण्यातून ओळखतं. त्या दिवशी ती टोपली पडून राहिली, आणि नातालीनच्या काळजाला जी घरं पडली ती टोपलीसाठी नव्हती. मळ्यातली बाई! वांगी चाचपणारी! तिनं आपल्याला मासळी सांगावी!

घरी फर्डिनंड एवढंच म्हणाला, "आवंदा होड्या सुटतील तवा तुझा डोळा नाय झाला, तर मार्गारेट उभी ऱ्हाईल."

"माझ्या मढ्यावर."

"तुझ्या मढ्यावर कशाला? तुझ्या बाजूला ऱ्हाईल."

बाजूला! हा शब्द तिला मढ्याहून वाईट लागला.

होड्या वर ओढल्या की कोळीवाडा दुरुस्त्या काढतो. जाळी, छपरं, इंजिनं आणि मग माणसं. चर्चच्या महिला मंडळानं वसईगावातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी ठरवली होती. तिथल्या डॉक्टर विनयाबाई मुंबईहून आलेल्या, बारीक आवाजाच्या, पण ऐकायला लावणाऱ्या. त्यांनी मार्गारेटला लगेच तारीख दिली. नातालीनला म्हणाल्या, "तुमची साखर फार आहे, ताई. दोन-तीन महिने गोळ्या नीट घ्या, खाणं सांभाळा. उतरली की करू. घाई नको. मधुमेहात डोळा नाजूक होतो."

दोन-तीन महिने! तोवर होड्या पाण्यात. आणि मार्गारेट चकचकीत डोळा घेऊन धक्क्यावर.

पुढच्या तपासणीआधी दोन दिवस नातालीननं घास घेतला नाही. कारल्याचा रस प्यायली, मेथ्या चावल्या, उपाशीपोटी समुद्राच्या कडेनं चालली. घरी सांगितलं, नवस आहे. तपासणीत आकडा खाली आला. विनयाबाईंनी तो पुन्हा पाहिला, नातालीनकडे पाहिलं, विचारलं, "गोळ्या नियमानं घेतल्या?"

"देवाशपथ."

तिला तारीख मिळाली. मार्गारेटचीच. दवाखान्यातून बाहेर पडताच तिनं नाक्यावर बसून दोन पाव आणि कांद्याची भजी खाल्ली. तपासणीपुरती साखर उतरली होती, पण वर्षानुवर्षांची जी अंगात मुरली होती ती आपल्या जागी तशीच बसून होती.

ऑपरेशन दोघींचंही नीट झालं, नातालीनच्या आधी एकाच डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारशेजारच्या खाटांवर बसवून पट्ट्या काढल्या. आधी मार्गारेटची.

"अगो बाय!" मार्गारेट ओरडली. "बाय, तुझ्या हनुवटीवर तीळ हाय! मना ठावंच नव्हतं! न डॉक्टरीनबाय, तुमच्या कानातलं ते बदाम हाय का फूल? फूल, फूल! भिंतीवरची पाल पन दिसते गो!"

मग नातालीनची काढली. तिनं डोळा उघडला. दुधाच्या पातेल्यात तोंड बुडवून बघावं तसं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात एक मोठा काळा ठिपका हलत होता आणि तो आनंदानं बोलत होता. ती मार्गारेट असणार.

विनयाबाईंनी बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. मग स्टूल ओढून बसल्या.

"मोतीबिंदू निघालाय, ताई. नवं भिंगही नीट बसलंय. पण डोळ्याच्या पुढची जी काच असते ना, बुबुळावरची, कॉर्निया म्हणतो आम्ही, ती सुजलीय. त्या काचेत सारखं पाणी झिरपत असतं. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो, तो ते पाणी उपसून बाहेर टाकतो. म्हणून काच स्वच्छ राहते. ऑपरेशनमध्ये त्या थराला धक्का बसतोच, कुणाच्याही. पण मधुमेहात त्या पेशी आधीच दमलेल्या असतात. जास्त मरतात, आणि ज्या उरतात त्यांना सावरायला वेळ लागतो."

नातालीन ऐकत होती. तिला बाकी काही दिसत नसलं तरी हे मात्र दिसलं.

"म्हनजे होडीत पानी शिरतं न गडी उपसतात, तसं?"

"अगदी तसं."

"न माझे गडी दमलेले."

"हो. आणि मेलेल्या गड्यांच्या जागी नवे येत नाहीत. उरलेल्यांनीच सांभाळायचं."

नातालीन काळ्या ठिपक्याकडं हनुवटी करून म्हणाली, "न हिचे?"

विनयाबाईंना हसू आलं असावं, पण आवाजात उमटलं नाही. "त्यांचे ठणठणीत आहेत."

"असनारच," नातालीन म्हणाली.

औषधांत एक बाटली मिठाच्या थेंबांची होती. विनयाबाईंनी समजावलं, की हे थेंब काचेतलं पाणी ओढून घेतात. दिवसातून चार वेळा टाकायचे, धीर धरायचा, महिना लागेल, कदाचित जास्तही. आणि बाटलीतलं सोडून दुसरं काहीही डोळ्यात जाता कामा नये.

पहिला आठवडा दोघी काळे चष्मे लावून एकाच ओटीवर बसल्या. वाड्यातल्या बाया येत, दोघींची विचारपूस करत. मार्गारेट सांगायची. ढगाच्या कडा दिसतात. कौलावरचं शेवाळं दिसतं. पीटरच्या कानातले केस दिसतात, ते तर कापायलाच हवेत. तिला दिसणं इतकं नवं होतं की ते पोटात राहत नव्हतं. नातालीन ऐकायची. एकेक गोष्ट ऐकताना तिला वाटायचं, की ही वस्तू आपल्या डोळ्यातून काढून हिच्या डोळ्यात घातलीय. शेवाळं आपलं. ढग आपले. पीटरच्या कानातले केससुद्धा आपले.

"तुना कसं दिसतं, बाय?" मार्गारेट विचारायची. मनापासून विचारायची, हे आणखी वाईट.

"झकास. तुझ्याहून झकास," नातालीन सांगायची आणि चहाचा कप समजून पिकदाणी उचलायची.

एका दुपारी वाडा जाळी शिवत बसलेला असताना तिनं त्या मिठाच्या बाटलीतला एक थेंब जिभेवर टाकून पाहिला.

"हे मीठ?" ती स्वतःशीच म्हणाली. "ह्यात तर कोलंबी पन मुरायची नाय."

आणि मग तिला तो विचार आला, जो पाचूबंदरच्या बाईलाच येऊ शकतो. मीठ पाणी ओढतं, हे तिला कुणी डॉक्टरनं शिकवायला नको होतं. आईच्या कडेवर असल्यापासून तिनं ते पाहिलं होतं. चिरलेल्या घोळ माशाला मीठ चोळलं की तासाभरात टोपलीखाली पाण्याचा ओघळ लागतो आणि मऊ पडलेली मासळी ताठ होते. तिची खारवलेली मासळी पार नालासोपाऱ्यापर्यंत नावानं मागितली जायची. मीठ कमी पडलं तर मासळी कुजते, बेतानं पडलं तर वर्ष काढते. या डॉक्टरीनबाईनं मीठ कमी घातलं होतं, दुसरं काय?

मागच्या पडवीत मिठागरातल्या जाड्या मिठाचं मडकं होतं. तिनं मिठवणी केली, ज्या पाण्यात मासळी मुरवतात तीच, पण निम्म्या जोरानं. डोळा नाजूक, एवढी अक्कल तिला होती. धुतलेल्या फडक्यातून दोनदा गाळली, जुन्या औषधाच्या बाटलीत भरली आणि टोपण लावून लुगड्याच्या ओच्यात ठेवली.

पहिला थेंब टाकताना तिनं दात आवळून घेतले होते. डोळ्यात मीठ म्हणजे आग होणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आग झालीच नाही. थोडं चुरचुरल्यासारखं झालं, पाणी वाहिलं आणि गार वाटलं. मानवलं, असं तिनं ठरवलं. ज्या अर्थी जळत नाही, त्या अर्थी डोळ्याला हवंच होतं.

आणि खरंच, थोड्या वेळानं दूध जरा पातळ झालं. समोरच्या दाराची चौकट दिसली. चौकटीवरचा क्रूससुद्धा. नातालीनच्या छातीत घंटा वाजली. तिनं तिथल्या तिथं मार्गारेटला हाक मारली, "गो, तुझ्या पदराला भोक पडलंय बग!" भोक नव्हतं, पण पदर होता, आणि तो तिला दिसला होता.

संध्याकाळपर्यंत दूध पुन्हा दाटलं. मग तिनं पुन्हा टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी. मिठवणी जरा जड केली. मासळीलाही पहिल्या दिवशी हलकं, मग जड, असंच करतात. डॉक्टरची बाटली तशीच भरलेली राहिली. डोळा लाल झाला तर तिनं सांगितलं, चुलीचा धूर. उजेड खुपायला लागला तर ती चष्मा लावून आत बसली. होड्या सुटायला फार दिवस उरले नव्हते, आणि ओटीवर मार्गारेट फर्डिनंडकडून मासळीच्या भावाच्या गोष्टी विचारून घेत होती. आतून ते ऐकू येत होतं. हे ऐकलं की नातालीन ओच्याला हात घालायची.

तिला पकडलं ते मार्गारेटच्या नव्या डोळ्यानं. सकाळी न्याहारीला भाकरी वाढताना ती एकदम थांबली आणि नातालीनच्या तोंडाजवळ तोंड आणून बघत राहिली.

"बाय, तुझ्या पापन्यांना काय लागलंय?"

"झोप लागलीय."

"नाय. पांढरं हाय. चमचम करतंय." तिनं बोटानं टिपून जिभेला लावलं. "बाय, हे मीठ हाय."

"रडले मी. रडल्यावर सुकतं तसं."

"तू?" मार्गारेट म्हणाली. "सासू गेली तवा नाय रडलीस." आणि तिनं सरळ नातालीनच्या ओच्यात हात घातला.

त्या सकाळी मार्गारेट तिला रिक्षात घालून वसईगावात घेऊन गेली. रस्ताभर नातालीन तिला शिव्या घालत होती. मार्गारेट बाटली मुठीत धरून बसली होती. हसत नव्हती, हे नातालीनला पांढऱ्यातूनही कळलं, आणि पहिल्यांदा भीती वाटली.

विनयाबाईंनी डोळ्यात पिवळा रंग टाकला, निळ्या उजेडात पाहिला. काचेवरची कातडी मोठ्या जागेत सोलवटून निघाली होती. सालपट निघाल्यासारखी. त्यांनी बाटली हुंगली, थेंबभर चाखली आणि मग खरोखर रागावल्या.

"हे डोळ्यात गेल्यावर तुम्ही ओरडला नाहीत?"

"नाय. गार वाटलं."

विनयाबाईंचा राग एकदम खाली बसला. त्यांनी कापसाची बारीक वात वळली. नातालीनचा न कापलेला डोळा उघडा धरला आणि वातीचं टोक काचेला लावलं. डोळा तसाच उघडा राहिला. पुन्हा लावलं. नातालीन म्हणाली, "काय करता? लावा की."

"माझ्या डोळ्याला लावून बगा," मार्गारेटनं मान पुढं केली. वात जवळ येते न येते तोच तिची पापणी लाजाळूच्या पानासारखी फटकन मिटली.

त्या अवस्थेतही नातालीनला त्या मिटण्याचा हेवा वाटला.

"ताई," विनयाबाई म्हणाल्या, "इतक्या वर्षांच्या साखरेनं तुमच्या डोळ्याच्या काचेची जाणीव बोथट झालीय. दोन्ही डोळ्यांची. जिथं आग व्हायला हवी तिथं तुम्हाला गार वाटतं. म्हणून जळलं नाही. मानवलं म्हणून नव्हे. आणि अशा डोळ्याची जखम भरतेही हळू. जंतू गेले असते तर डोळा गेलाच असता."

"मासळीला तर..." नातालीननं सुरुवात केली.

"मासळी मेलेली असते, ताई."

डोळा बांधला गेला. आणि बांधलेल्या डोळ्यानंच नातालीननं तो दिवस पाहिला, ज्याच्यासाठी तिनं हे सगळं केलं होतं. फादरनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, फटाके उडाले, 'रोझरी' खाडीबाहेर गेली. पहिली मासळी आली तेव्हा नातालीन धक्क्यावर एका पालथ्या घातलेल्या पडावाच्या आड जाऊन बसली. कुणी विचारलं असतं तर वारा खाते म्हणून सांगितलं असतं. खरं म्हणजे ती मार्गारेटच्या तोंडून एक चुकीचा भाव ऐकायला आली होती. एकच. बाकी तिला काही नको होतं.

टोपली रेतीवर आदळल्याचा आवाज आला. बाया जमल्याची कुजबुज. मग थोडी शांतता, आणि त्या शांततेत नातालीनला न बघताही कळलं, की मार्गारेटनं कमरेवर मूठ ठेवलीय आणि मान वाकडी केलीय. आपली मान.

मार्गारेट भाव बोलली. बरोबर बोलली. आवाजसुद्धा नातालीनसारखा, शेवटचा शब्द जरा ओढलेला. इतकी वर्षं ती मागं उभी राहून टोपल्या उचलत होती, तेव्हा नुसत्या टोपल्या उचलत नव्हती तर.

यमुना म्हणाली, "घेतली. पन नातालीनबाय कुठं हाय?"

"तिचा डोळा बरा होतोय," मार्गारेट म्हणाली. "तवर मी."

पडावाआड नातालीननं रेतीची मूठ भरली आणि सोडून दिली. तवर म्हणे! लोकांत चांगुलपणा दाखवायला. माणसानं जागा घ्यावी तर सरळ घ्यावी, वर शोभा कशाला? ती दिवसभर चडफडत होती. तो एक शब्द मात्र तिला काही केल्या घशाखाली उतरेना की थुंकताही येईना.

जखम भरायला पाऊस सरून थंडी उजाडली. काच सावकाश निवळली, पण मधोमध एक धुरकट डाग कायमचा राहिला. त्या डोळ्याला माणूस दिसे, चेहरा नाही. होडी दिसे, मासळी नाही. दुसरा डोळा शिल्लक होता, मोतीबिंदूनं भरलेला. विनयाबाई म्हणाल्या, "हा करू. पण साखर खरोखर ताब्यात आल्यावर. तुमच्या नवसाची साखर नको मला."

घाबरून सुधारतात अशी माणसं असतात. नातालीन जळून सुधारली. मार्गारेट चहात साखर ढवळायला लागली की ती आपला बिनसाखरेचा चहा तिच्याकडं रोखून बघत प्यायची. मार्गारेट नेवरी खायची, ही भाजलेला बांगडा आणि अर्धी भाकरी. मार्गारेट धक्क्यावर निघाली की ही उलट्या दिशेनं किल्ल्यापर्यंत चालत जायची, भराभर, जणू कुणाच्या पुढं जायचंय. गोळ्या चुकवल्या नाहीत. फर्डिनंड कौतुकानं म्हणाला, "देवाची कृपा, तुझं मन लागलं."

"देवाचं काय मधे? माझे गडी वाचवते मी," नातालीन म्हणाली. "जेवढे उरलेत तेवढे."

पुढच्या पावसाळ्यात होड्या वर आल्या तेव्हा तिचा दुसरा डोळा झाला. विनयाबाईंनी त्या आतल्या थराला जपायला जास्तीचं औषध वापरलं, वेळ घेतला, हात हलका ठेवला. पट्टी काढली तर पुन्हा पांढरं. नातालीन बाटलीतले थेंब, सांगितले तेवढेच, सांगितले तेव्हाच टाकत राहिली. मार्गारेटला एका सकाळीत जे मिळालं होतं ते हिला घोटाघोटानं मिळालं. आधी चौकट, मग क्रूस, मग क्रुसावरचा खिळा. एक दिवस तिला पीटरच्या कानातले केस दिसले. ती इतकी खूश झाली की त्याला जेवायला बसवून घेतलं.

होड्या सुटून दोनेक दिवस झाले होते. नातालीन आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून धक्क्यावर गेली. कुणाला सांगितलं नव्हतं. तिला नुसतं पुढं जाऊन उभं राहायचं होतं आणि म्हणायचं होतं, "हो बाजूला." वर्षभर ती हे दोन शब्द दाढेखाली धरून होती.

मार्गारेट टोपलीजवळ उभी होती. उभी म्हणजे, वाकलेली होती. नातालीन थबकली. भाव बोलणारी बाई वाकत नाही. वाकली की घेणारीला कळतं की हिला कळत नाही. मार्गारेट वाकून, मान या बाजूला, मग त्या बाजूला करून टोपलीत बघत होती. ओल्या मासळीवरचं ऊन उसळून तिच्या नव्या डोळ्यात जात होतं. नातालीन जवळ गेली. उन्हात जावेचा चेहरा तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ दिसला. गालाला सुरकुत्यांचं जाळं, बोटांना मासळीच्या काट्यांचे काळे चरे, कपाळावरचे दाट केस विरळ झालेले. आणि ज्या डोळ्याचं काही करावं लागलं नव्हतं, त्याच्या बुबुळात मधोमध एक पांढरा मोती.

पिकला होता! हिचाही दुसरा पिकला होता, आणि ही कुणाला बोलली नव्हती!

नातालीनला हसू दाबायला पदर तोंडाशी न्यावा लागला. आता काही करायलाच नको. नुसतं गप्प राहायचं. टोपलीत वरती दाढा होता, चांगला हातभर, आणि मार्गारेट मान वाकडी करून, ओठ ओले करून भाव बोलायच्या बेतात होती. तो भाव कुठल्या मासळीचा असणार हे नातालीनला तिच्या ओठांवरून कळलं. समोर यमुना आणि चार बाया. एकदा सुटलं की सुटलं.

"मार्गारेट," ती मागून हळूच म्हणाली, "दाढा हाय तो."

मार्गारेटचं तोंड मिटलं. ती वळली. दोघी जावा एकमेकींकडं एकेका डोळ्यानं बघत राहिल्या.

मग नातालीननं तिला खांद्यानं बाजूला सारलं, कमरेवर मूठ ठेवली, मान वाकडी केली आणि अख्ख्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या मार्गारेटचा दुसरा डोळा पिकलाय. तो होतोय, तवर मी."

आणि ती दाढ्याचा भाव बोलली. यमुना म्हणाली, "घेतली."

मार्गारेट टोपली उचलायला वाकली आणि हसायला लागली, तेच लाडू खाल्ल्यासारखं हसणं. "तवर म्हनजे कवर गो, बाय?"

"मी म्हनंन तवर." नातालीन पुढच्या टोपलीकडं वळली होती. "उद्या तुना डॉक्टरीनबाईकडं नेते. तुझे गडी ठनठनीत, तुना काय, दुसऱ्या दिवशी लख्ख. पन एक सांगून ठेवते."

"काय?"

"ह्या वेळी पट्टी काढल्यावर काय काय दिसतं ते मोठ्यानं बोलायचं नाय."